तिसरा गियर

सोपानदादा, तुला जाऊन आज सोळा दिवस झाले. तेराव्याला तुझ्या गावी, निघोज्यात मी पंगतीला बसलो होतो. शेजारची माणसं तुझ्याबद्दलच बोलत होती. बंद पडलेलं इंजिन तू नुसतं कान लावून कसं ओळखायचास, लढाईच्या दिवसांत लष्कराच्या वर्कशॉपात एका गोऱ्या सार्जंटाला तू कसं गप्प केलंस. मी मान खाली घालून जेवत होतो आणि मनात एकच धास्ती होती, आता कुणीतरी माझ्याकडे वळणार. वळलंच. तुझा चुलतभाऊ म्हणाला, "डायवर, तुमी तर त्यांच्यासंगं शर्यतीच्या गाडीवर हुता. तुमी सांगा की कायतरी." मी पाणी आणायच्या निमित्तानं उठलो आणि परत पानावर गेलो नाही. तू असतास तर शिवी हासडली असतीस. भरल्या पानावरून उठलेला माणूस तुला कधी खपला नाही.

आज लिहितोय ते त्या शर्यतीबद्दलच. मी ड्रायव्हर माणूस, पत्रापलीकडे काही लिहिलेलं नाही. पण तुझ्यासमोर तोंड उघडायला मी दोन वर्षं लावली आणि तेवढ्यात तू गेलास. आता कागदाशिवाय जागा उरली नाही.

आपली ओळख वकीलसाहेबांच्या गाडीमुळे झाली. ती हिरवी विलायती गाडी, दोनच माणसांची, टप कापडाचा. पुण्यात इतके गॅरेजवाले असताना साहेब ती चाकणला तुझ्या पत्र्याच्या शेडमध्ये आणायचे, कारण गियरबॉक्स खोलून परत तसाच बसवणारा माणूस त्यांना तूच भेटला होतास. मी तेव्हा संगमनेरहून नुकताच पिंपरीला आलो होतो. साहेबांनी शब्द टाकला म्हणून औषधांच्या नव्या कारखान्यात मला ड्रायव्हरची नोकरी लागली, आणि रविवारी मी साहेबांची गाडी धुऊन-पुसून चालवून आणायचो. पहिल्या दिवशी मी शेडमध्ये गाडी उभी केली तर तू नाव-गाव काही विचारलं नाहीस. म्हणालास, "क्लच अर्धाच दाबतोस तू. पुरा दाब. त्यो काय तुझा सासरा न्हाई."

मला राग आला होता. पण परत जाताना मी क्लच पुरा दाबत होतो.

त्यानंतर दर रविवारी तुझ्याकडे येणं सुरू झालं. लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर गियरबॉक्सला टेकवायचा आणि मूठ कानाला लावायची, म्हणजे आतलं सगळं ऐकू येतं, हे तू शिकवलंस. मला आधी नुसती गुणगुण ऐकू यायची. तू म्हणायचास, "नीट ऐक. दोन आवाज हायेत. एक फिरायचा, एक घासायचा." घासायचा आवाज मला ऐकू यायला तीन महिने लागले. ज्या दिवशी आला त्या दिवशी तू वहिनींना मुद्दाम गूळ घालून चहा करायला लावलास. माझ्या बापानं माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही, दादा. तुझा तो चहा आठवतो.

मग ती शर्यत आली. चाकणच्या पलीकडच्या माळावर लढाईत डांबर टाकून केलेली एक धावपट्टी होती. तिथं विमान उतरलेलं कुणी पाहिलं नव्हतं, शेळ्या चरायच्या. पुण्याच्या मोटारवाल्यांच्या क्लबानं ती झाडून घेतली, दोन टोकांना रिकामी पिंपं मांडली आणि ठरवलं की पिंपांना वळसे घालत दहा फेऱ्या मारायच्या. साहेब स्वतः चालवणार होते. पण महिनाभर आधी ते जिन्यावरून घसरले, मनगट मोडलं. त्यांनी माझं नाव दिलं. कारखान्यात पोत्यांची गाडी हाकणारा मी, आणि पुण्याच्या साहेबलोकांत माझं नाव. घरी बायकोला सांगितलं. मी तिला म्हटलं, ही संधी पुन्हा येणार नाही. माझं पुढचं सगळं वागणं या एका वाक्यातून आलं.

सरावाला आपण गुरुवारी माळावर गेलो. सहाव्या फेरीला माझी डावी पोटरी भाजायला लागली. गियरबॉक्स पायाशेजारीच, वर पातळ पत्रा. गाडी थांबवली. तू खाली वाकून बॉक्सवर पाण्याचे चार थेंब टाकलेस. चर्र करून उडाले. तू माझ्याकडे बघितलंस आणि म्हणालास, "ह्ये बरं न्हाई."

साहेबांनी विचारलं, "ऑईल कमी असेल?"

ऑईल कमी नव्हतं. उलट थोडं जास्तच होतं. जास्त झालं तरी दातांनी घुसळून घुसळून तापतं, म्हणून तू ते खुणेपर्यंत कमी केलंस. परत सहा फेऱ्या, परत चर्र. मग तुझा संशय सायलेन्सरच्या पाइपवर गेला, तो बॉक्सच्या अगदी जवळून जात होता. तू पाइपला ॲस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलीस आणि इंजिन पाऊण तास जागेवर चालू ठेवलंस. पाइप तापला, बॉक्स कोमट राहिला. तेव्हा तू उठून हात पुसलेस. "भायेरची ऊब न्हाई ही. आतच कायतरी घासतंय."

शुक्रवारी तू मला सांगितलंस, सगळ्या फेऱ्या चौथ्यातच मार, वळणावर रांगली तरी चालेल. मारल्या. बॉक्सवर हात ठेवता येत होता. मग म्हणालास, आता सगळ्या तिसऱ्यातच मार. चौथ्या फेरीलाच पाय भाजला. चौथ्यात इंजिनाची ताकद सरळ आरपार जाते, तिसऱ्यात ती दातेरी चाकांवरून फिरून जाते, हे तू काडीनं मातीत काढून दाखवलंस. साहेबसुद्धा उकिडवे बसून बघत होते. म्हणजे रोग तिसऱ्यात आहे, इथवर तू दीड दिवसात आलास, बॉक्सचा एक नट न खोलता. मी तुझं कौतुक करायला हवं होतं.  पण रोग तिसऱ्यात आहे हे मला गुरुवारी पहिल्याच फेरीला माहीत होतं.

तिसरा सुटत होता, दादा. वळणाआधी मी पाय उचलला की दांडा आपोआप मागे यायचा आणि गियर निघून जायचा. गाडी मोकळी धावायची आणि पिंपं अंगावर यायची. म्हणून मी डाव्या हातानं दांडा पुढे दाबून धरत होतो. फेरीवर फेरी. हाताला गोळे आले होते. ही गोष्ट तुला सांगितली तर तू बॉक्स उतरवणार, आणि उतरवला तर रविवारपर्यंत गाडी उभी राहणार नाही, माझं नाव कटणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

मग तू ऑईल थाळीत काढलंस. लोहचुंबक फिरवलास, त्याला फारसं काही चिकटलं नाही. उरलेलं ऑईल पांढऱ्या धोतराच्या तुकड्यावर ओतून उन्हात धरलंस. पिवळं चमकत होतं. पितळेसारखा बारीक कीस.

"पोलाद न्हाई, म्हंजे दात आनि बेरिंग शाबूत हायेत," तू म्हणालास. "आत पिवळं दोनच ठिकानी हाय. एक गियर सरकवायचा फोर्क. दुसरा मागच्या शाफ्टाचा वॉशर. फोर्क असंल तर डायवरची चूक. वॉशर असंल तर माझी, म्याच बसवलाय गेल्या हिवाळ्यात." आणि मग माझ्याकडे वळलास. "वसंता, गियर सुटतो का? दांड्यावर हात ठिवतोस का?"

"नाही," मी म्हटलं.

"सुटत न्हाई?"

"नाही दादा. घट्ट बसतोय."

तू लगेच मानलं नाहीस. शेजारी येऊन बसलास. म्हणालास, दोन फेऱ्या मार, तिसऱ्यातच. मी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले, तुला दिसतील असे. दांडा लांब आणि वाकडा होता. क्लच दाबायचा नव्हता, डावा पाय मोकळा होता. मी गुडघा आणि मांडी दांड्याला लावून जीव खाऊन दाबली. वळणावर तू माझ्या हातांकडे बघत होतास. मी पुढे बघत होतो आणि गुडघा थरथरत होता. दोन फेऱ्या झाल्या. तू उतरलास आणि साहेबांसमोर जाऊन उभा राहिलास.

"साहेब, चूक माझी हाय. वॉशर तंग बसलाय. बॉक्स उतरवावा लागंल. दोन दिस द्या."

साहेब म्हणाले, "मिस्त्री, परवा शर्यत आहे. दहाच फेऱ्या आहेत. तेवढ्या निघतील की."

"निघतील बी. न्हाई निघाल्या तर? आत तुकडा पडला आनि दातात अडकला तर मागची चाकं जाम व्हतील. धावत्या गाडीची. मंग गाडी कुटं आनि मानूस कुटं."

 साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनी मलाच विचारलं, "वसंत, तू सांग. तू बसणार आहेस." तू सुद्धा माझ्याकडे बघत होतास. तुझ्या चेहऱ्यावर मी कधी नव्हे ती विनवणी पाहिली. मी म्हटलं, "मी चालवतो."

शनिवारी तू नवं ऑईल भरलंस, पाइप आणखी बाजूला ओढून बांधलास, पत्र्याखाली ओल्या पोत्याची घडी ठेवलीस. दिवसभरात माझ्याशी चार शब्द बोलला असशील. निघताना मात्र माझं मनगट धरलंस. "तापला की सोड. हरलास तरी घरी जाशील." मला तेव्हाच सांगता आलं असतं. शेडमध्ये आपण दोघंच होतो. मी म्हणालो, "येतो."

शर्यतीचं तुला काय सांगू, तू पाहिलीस. मी आतून पाहिलेलं सांगतो. पहिल्या तीन फेऱ्या मी दुसरा होतो. चौथ्या फेरीला दांड्याची मूठ कोमट लागली. पाचव्या फेरीला दांडा कितीही दाबला तरी गियर सुटला, मी पिंपाच्या हातभर जवळून गेलो, लोक ओरडले, त्यांना वाटलं मी धाडस केलं. सहाव्याला वास आला, जळक्या ऑईलचा, आणि त्याखाली तो आवाज. फिरायचा नाही, घासायचा. तूच शिकवलेला. मी तो ऐकला, दादा. मला नक्की कळलं होतं. तरी मी पाय उचलला नाही. मनात मोजत होतो, अजून चार, अजून चार. पायाखालचा पत्रा असा तापला होता की बूट ठेववत नव्हता. गाडी आता जाम होईल, मग होईल, या वळणाला होईल, एवढाच विचार होता, आणि तो विचार असूनही मी दाबतच होतो.

सातव्या फेरीला तू पट्टीवर आलास. अंगातली बंडी काढून दोन्ही हातांनी हलवत थेट डांबरावर, माझ्या समोर. क्लबाचे लोक शिट्ट्या मारत होते. मागून दुसरी गाडी येत होती. तू हलला नाहीस. मी ब्रेक दाबला, गाडी आडवी झाली आणि तुझ्यापासून चारेक पावलांवर उभी राहिली. तू आलास, दार उघडलंस, माझी कॉलर धरून मला बाहेर ओढलंस. पत्र्याखालून धूर येत होता.  तू वाकून माझी डावी पोटरी चाचपलीस. 

साहेब धावत आले. सगळ्यांदेखत त्यांचा अपमान झाला होता, गाडी बाद झाली होती. "मिस्त्री, हे काय केलंत?" तू उघड्या अंगानं उभा होतास. म्हणालास, "माझ्या हातचं काम बिघडलं साहेब. मानूस कशाला मारायचा." सगळ्या क्लबानं ते ऐकलं. पुण्यात त्याचं काय होणार ते मला दिसत होतं, चाकणच्या मिस्त्रीनं वॉशर चुकीचा बसवला. मी तिथंच उभा होतो, तुझ्या शेजारी.

पुढल्या रविवारी मी शेडवर आलो तेव्हा बॉक्स उतरवून खोललेला होता. साहेबांनी पुण्याचा माणूस पाठवून गाडी दुपारी ओढून न्यायची ठरवली होती. तू फोर्क माझ्या तळहातावर ठेवलास. एका बाजूनं तो नखाएवढा खाल्ला गेला होता, दुसरी बाजू नव्यासारखी.

"एकाच अंगानं झिजलाय," तू म्हणालास.

मी म्हटलं, "जुना असेल."

तू फोर्क माझ्या हातातून काढून घेतलास. मग एक बारकी स्प्रिंग दाखवलीस, बोटाच्या पेराएवढी. दांडा जागेवर धरून ठेवणारी ती स्प्रिंग मऊ पडली होती. "बॉक्स उतरवायलाच लागला नसता. ह्यो वरचा स्क्रू काडायचा, नवी स्प्रिंग टाकायची. तासाभराचं काम." एवढं बोलून तू चहा मागवलास. वॉशरला काहीही झालेलं नव्हतं. तो शेजारी कागदावर ठेवलेला होता, मला दिसेल असा. तरी मी चहा प्यालो आणि पिंपरीची गाडी पकडली.

तासाभराचं काम. मी किती वेळा हे मनात म्हटलं असेल. मी खरं बोललो असतो तर शर्यतही झाली असती.

साहेबांची गाडी पुन्हा तुझ्याकडे आली नाही. इतरांच्याही येईनाशा झाल्या. तू विहिरीवरच्या पंपांच्या मागे लागलास, चाकणची शेड सोडून निघोज्यात घराजवळ बसायला लागलास. मला कधी टाकून बोलला नाहीस. मुलीच्या बारशाला आलास, तिला मांडीवर घेतलंस. आपण पूर्वीसारखेच भांडायचो, घट्ट ऑईल बरं की पातळ, सीट पुढे ओढून बसावं की मागे. सीटचा वाद तर अजून मिटलेला नाही. मी अजूनही मागेच बसतो. पण बोलताना मध्येच तू थांबायचास. थोडी जागा ठेवल्यासारखा. मी ती जागा दुसऱ्याच कशानं तरी भरून टाकायचो.

कावीळ झाली म्हणून निरोप आला तेव्हा मी मंगळवारी आलो. डोळे पिवळे, अंगावर घोंगडी. तू म्हणालास, "बस जवळ." मी बसलो. तू म्हणालास, "बोल." मी कारखान्यातल्या नव्या गाडीबद्दल बोललो, पोरीला दात आले ते सांगितलं. तू डोळे मिटून ऐकत होतास. मी उठलो तेव्हा तू डोळे उघडलेस आणि म्हणालास, "निगालास?" मी म्हटलं, शिफ्ट आहे. शुक्रवारी तू गेलास.

परवा मी पुण्याला साहेबांकडे गेलो. दारात अर्धा तास उभा होतो, शिपायानं दोनदा विचारलं काय काम आहे. शेवटी आत जाऊन सगळं सांगितलं, हात, गुडघा, फोर्क, स्प्रिंग. नोकरी जाईल हे धरूनच गेलो होतो. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.  मग म्हणाले, "तेव्हाच सांगितलं असतंस तर त्याला मी दुसऱ्याच दिवशी परत बोलावलं असतं रे." पुढे काही नाही. जा म्हणाले नाहीत, ये म्हणाले नाहीत. मी आपला उठलो.

काल निघोज्याला आलो. वहिनी ओसरीवर बाजरी निवडत बसल्या होत्या. मी खाली जमिनीवर बसलो आणि त्यांनाही सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, त्या सूप फेकून मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्या निवडतच राहिल्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, "त्यांना ठाव हुतं."

"फोर्क बघितल्यावर कळलं असेल."

"आधीच. तुमच्या शेजारी बसले हुते नव्हं त्या दिशी? घरी येऊन म्हनले, वसंताचा गुडगा कापतोय. लई भ्यालाय. पर दांडा कशापायी दाबतोय त्ये सांगत न्हाई. म्हनून तर त्यो वॉशर सोताच्या अंगावर घेतला. साहेब निदान आपलं काम इगडलं म्हनून तरी गाडी थांबवतील, असं त्यांना वाटलं."

 मी म्हटलं, "मग मला विचारलं का नाही पुन्हा?"

वहिनींनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं. "इचारून काय? तुमच्या तोंडून ऐकायचं हुतं त्यांना. मंगळवारी तुमी येऊन गेल्यावर भिताडाकडं तोंड केलं. म्हनले, आज बी बोलला न्हाई."

मग त्यांनी सूप उचललं, बाजरी एकदा पाखडली आणि विचारलं, "जेवून जानार का? भाकरी टाकते."

मी हो म्हटलं. भाकरी, पिठलं, कांदा. तुझ्याच जागी त्यांनी मला बसवलं, आणि या खेपेला मी पानावरून उठलो नाही, दादा. सगळं संपवलं.